यंत्राचा हात लागला तर किती लागेल?

पेण-रोह्यातल्या आपल्या बचत गटांच्या घरांतून मुली आयटीआय करून कारखान्यांत कामाला जाऊ लागल्या आहेत. तिथे काही ठिकाणी शेजारी यंत्राचा हात असतो, म्हणजे रोबोट. पूर्वी तो जाळीच्या आत असायचा. आता माणसाशेजारी उभं राहून काम करणारे 'कोबॉट' आले आहेत. पुण्याच्या बजाज ऑटोने 2010 पासून ते वापरायला सुरुवात केली. त्याचा धक्का लागला तर काय, हे आज समजून घेऊ.

नारळ वाळूत पडला तर फुटत नाही, दगडी पायरीवर पडला तर फुटतो. नारळ तोच, उंची तीच. वाळूत तो हळूहळू थांबतो, दगडावर क्षणात थांबतो. जितक्या कमी वेळात थांबणं, तितका मोठा जोर. वेगाचंही तसंच: वेग दुप्पट झाला तर आदळण्याची ऊर्जा चौपट होते.

हा जोर साध्या वजनकाट्यावर मोजता येत नाही. धक्का डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो, काट्याला तो धरता येत नाही. म्हणून वेगळं उपकरण वापरतात. त्यात स्प्रिंग असते, वर रबरासारखा मऊ थर असतो आणि खाली सेकंदाला हजारो वेळा नोंद घेणारा सेन्सर असतो. बोटांसाठी कडक स्प्रिंग, पोटासाठी मऊ. रोबोटचा हात त्यावर मुद्दाम आदळवतात आणि सर्वांत मोठा आकडा बघतात.

2016 साली आयएसओ या जागतिक मानक संस्थेने यासाठी मर्यादा दिल्या. जोर न्यूटनमध्ये मोजतात. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार. हात किंवा बोट यंत्रात दाबलं गेलं तर 140 न्यूटन, म्हणजे चौदा किलोच्या आसपास. चेहऱ्याला फक्त 65. आणि चालत्या हाताचा धक्का चेहऱ्याला लागताच कामा नये.

पण नुसता जोर पुरत नाही. लाटण्यावर हात दाबला तर काही होत नाही, तेवढाच जोर विळीच्या पात्यावर दिला तर रक्त येतं. म्हणून दाबही मोजतात. रोबोट स्वतः सुरक्षित असला, तरी त्याच्या पंजात टोकदार अवजार किंवा धारदार पत्रा दिला की हिशोब बदलतो.

तेव्हा आपल्या मुलींनी कामावर तीन प्रश्न जरूर विचारावेत. धक्क्याची मोजणी याच जागी, याच अवजारासह झाली आहे का? अवजार किंवा वेग बदलल्यावर ती पुन्हा केली का? आणि थांबवायचं लाल बटण माझ्या हाताच्या अंतरावर आहे का?

प्रश्न विचारण्यात लाज नाही, मैत्रिणींनो. बोटं आपली आहेत.