कार्पेट किती, हे शेवटी विचारा

पुनर्विकासाच्या सभेला मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून बसते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्पेट किती मिळणार? मग कॉर्पस, मग भाडं. आगीचा बंब आत कुठून शिरणार किंवा पाडकामाचा राडारोडा कुठे जाणार, हे मुंबईच्या उपनगरांत क्वचितच कुणी विचारतं. एखाद्या आजोबांनी विचारलंच, तर ‘काका, ते बिल्डर बघेल’ म्हणून त्यांना खाली बसवतात.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-बी नुसार सक्तीचं आहे. आम्ही खांबांवर रिबाउंड हॅमर लावतो, कोअर काढून लॅबला पाठवतो. पण सभासदांना दाखवण्यासारखी चाचणी एकच. स्टिल्टमधल्या, शक्यतो संडासाच्या डक्टलगतच्या खांबाचा कोपरा छिन्नीने फोडायचा आणि ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारायचं. दिसायला पाणीच. काँक्रीट धड असेल तर ते बघता बघता गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड जिथवर मुरला आहे, तो भाग मात्र कोराच राहतो. हा कोरा पट्टा सळीपर्यंत पोचला असेल तर सळीला गंजापासून वाचवणारा क्षार संपलेला असतो. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटच फोडून बाहेर येते. त्यावर नुसतं प्लास्टर चढवून रंग देणं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकणं.

निष्कर्षाच्या श्रेण्या ठरलेल्या आहेत. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, पहिलीत इमारत अंशतः रिकामी करून. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. ‘मॅडम, सी-वन करून द्या ना, दोन मेंबर अडून बसलेत,’ असे फोन मला येतात. मी ते सरळ नाकारते. सोसायटीच्या पुनर्विकासाला २०१९च्या शासन निर्देशानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. ती सभेत मिळवायची, माझ्या अहवालातून नाही. दोन ऑडिटर परस्परविरोधी अहवाल देतात तेव्हा पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निवाडा करते.

उशीर करणंही परवडत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती भेंडी बाजारच्या पुनर्विकास योजनेतलीच होती. कागदावर तिचं भविष्य ठरलेलं होतं, पण काही कुटुंबं अजून तिथेच राहत होती. त्याआधी महिनाभर घाटकोपरची इमारत पडली, १७ बळी गेले. तिथे ठपका आला तो तळमजल्यावरच्या नूतनीकरणावर.

मंजुरीचा खरा मजकूर असतो आयओडीला, म्हणजे पालिकेच्या प्राथमिक मंजुरीपत्राला, जोडलेल्या अटींमध्ये. अग्निशमन दलाला उंच इमारतीच्या किमान एका बाजूला बंब फिरेल इतकी, सहा मीटर किंवा जास्त, मोकळी जागा लागते. नेमकी तीच जागा पुढे पार्किंगवाल्यांच्या डोळ्यांत भरते. साधारण २४ मीटरवर पहिली रेफ्युज जागा सोडावी लागते. आग लागल्यावर माणसांनी थांबायची जागा ती, पण मी तिथे कुंड्या, जुने सोफे आणि एकदा चक्क कॅरम क्लब पाहिला आहे. शिवाय २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. बिल्डर गेल्यावर हे ओझं सोसायटीचंच.

पर्यावरणाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. आपली सोसायटी लहान, म्हणजे आपल्याला काही नाही, असं लोक धरून चालतात. झाडांना हा आकडा लागू नाही. २०२१च्या कायदादुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात, म्हणजे अंगणातल्या चाळीस वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात चाळीस. राडारोड्याचंही तेच. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर मलबा निघणार असेल तर २०१६च्या नियमांनी त्याचं वर्गीकरण आणि विल्हेवाटीचा आराखडा मागितला. आराखडा नसला की तो मलबा रात्री खाडीत, खारफुटीत जातो. विमानतळाच्या फनेल झोनमधल्यांना उंचीची वेगळी एनओसी, किनाऱ्यालगत सीआरझेड. ते प्रकरण स्वतंत्र लेखाचं आहे.

धुळीसाठी पालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये नियम कडक केले. एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान जागेला २५ फूट, इमारतीला हिरवं कापड, पाडताना पाण्याची फवारणी, गेटवर ट्रकची चाकं धुणं. पत्रे सगळीकडे लागतात, कारण ते रस्त्यावरून दिसतात. फवारणीचा पाइप मात्र आत जाऊन बघावा लागतो. मी गेले त्या एका साइटवर तो नवाकोरा, गुंडाळी न सोडलेला, वॉचमनच्या खाटेखाली होता.

तेव्हा करारावर सही करण्याआधी अग्निशमन एनओसी, राडारोडा आराखडा आणि झाडांची परवानगी या कागदांच्या प्रती सोसायटीला मिळतील, हे कलम लिहून घ्या. आयओडी आली की अटींची पानं नोटीस बोर्डावर लावा. आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, हातात पडल्याशिवाय नव्या घराची चावी घेऊ नका.