कर्सिव्ह परत आलं, वाचणार कोण?

कॅलिफोर्नियात पहिली ते सहावीच्या मुलांना पुन्हा कर्सिव्ह, म्हणजे अक्षरं जोडून लिहायचं इंग्रजी वळण, शिकवण्याचा कायदा २०२४ पासून लागू झाला आणि हस्ताक्षरप्रेमींना भरतं आलं. मेंदू तल्लख होतो म्हणे! त्यासाठी नॉर्वेतल्या ट्रोन्डहाइमच्या ज्या प्रयोगाचा दाखला देतात, त्यात ३६ विद्यार्थी होते आणि तुलना होती हाताने लिहिणं आणि एका बोटाने टाइप करणं यांची. जोडून लिहिलेलं वळण सुट्या अक्षरांहून सरस, असं त्यातून मुळीच निघत नाही.

कर्सिव्ह गेलं ते काही कुणाच्या कटामुळे नव्हे. अमेरिकेतल्या शाळांसाठीच्या २०१० च्या कॉमन कोअर निकषांत त्याचा उल्लेखच नव्हता, टायपिंगचा मात्र होता. मुळात पिसाची लेखणी वारंवार उचलली की शाई सांडे, म्हणून अक्षरं एकमेकांत गुंफली गेली. बॉलपेनला ती धास्ती नाही.

खरी अडचण वाचनाची आहे. हार्वर्डच्या माजी अध्यक्ष, इतिहासकार ड्रू गिल्पिन फॉस्ट यांनी २०२२ मध्ये लिहिलं, की त्यांच्या वर्गातल्या जवळपास दोन तृतीयांश विद्यार्थ्यांना कर्सिव्ह वाचताच येत नव्हतं. इतिहास शिकायला बसलेली ही मुलं! अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार आज जुनी हस्तलिखितं उलगडण्यासाठी स्वयंसेवकांना साद घालतं आहे.

आपण हे आधीच भोगून बसलो आहोत. हात न उचलता झरझर लिहायची मोडी लिपी स्वातंत्र्यानंतर शाळेतून गेली. छपाईला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची, त्यामुळे तेव्हा फारसं कुणाला वाईट वाटलं नाही. मग २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधू लागली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. एका अख्ख्या समाजाच्या दाखल्यांचा प्रश्न मूठभर जाणकारांच्या नजरेवर येऊन ठेपला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद तर निराळेच.

म्हणून मुलांकडून वळणं गिरवून घेण्याचा हट्ट मला पटत नाही. आमच्या इंग्रजी शाळा चार रेघी वह्यांत कर्सिव्ह घोटून घेतात, आणि त्याच मुलांना पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत उलटं धरलं तरी कळणार नाही. लिहिता आलं नाही तरी चालेल, ओळखता यावं. त्यासाठी नवा विषय, नवे शिक्षक कशाला? आठवीच्या इतिहासात मोडीचं एक पत्र छापा, खाली बाळबोध द्या आणि दोन तास त्यावर घालवा.