१४०/९०च्या आधी

२०२४चं वैद्यकाचं नोबेल मायक्रोआरएनए शोधणाऱ्या व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं. गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराचा मागही या आरएनएवरून काढता येईल का, यावर काम चाललंय, हे तेव्हाच वाचनात आलं. म्हणून ९ तारीख धरून हदगावला गेले. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते.

वजन, हिमोग्लोबिन भराभर उरकलं. सिस्टर रेंगाळल्या त्या बीपीपाशी. "१४०/९० दिसलं की मला हाक मारायची," असं नव्या मुलींना बजावत होत्या.

सातव्या महिन्यातली एक पोर पुढं आली.

"डोस्कं दुखायलंय का गं माय? अंधारी येती का?"

"नाई सिस्टर, पायच तेवढे सुजायलेत."

बीपी १४०/९०च्या वर. लघवी तपासायला हल्ली पट्टी असते. सिस्टरनी मला दाखवायला जुनी रीतही केली. परीक्षानळी तिरकी धरून लघवीचा वरचाच भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवला. पांढुरका गढूळपणा आला, ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकूनही तो विरेना. प्रथिन उतरलं होतं. स्पिरिटचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

१४०/९० दिसतं तोवर आजार कित्येक आठवडे आत मुरलेला असतो. वार रुजताना तिच्या पेशींनी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद करायच्या असतात. ते अर्धवट राहिलं की वारेला प्राणवायू कमी पडतो आणि एमआयआर-२१० हा चिमुकला आरएनए वाढतो. तो स्वतः प्रथिन बनवत नाही, इतरांचं बनणं रोखतो. वारेतले असे आरएनए आईच्या रक्तातही सापडतात. मात्र एका प्रयोगशाळेचे निकाल दुसरीशी जुळत नाहीत, त्यामुळे भरवशाची चाचणी अजून हाती नाही.

ती यायलाच हवी. जोखमीच्या बाईला सोळाव्या आठवड्याआधी ॲस्पिरिन सुरू केलं, तर ३७ आठवड्यांच्या आत उद्भवणारा हा आजार ६२ टक्क्यांनी घटला, असं २०१७च्या ॲस्प्रे चाचणीत दिसलं. आणि मोठ्या शहरापेक्षा ती हदगावला आधी हवी. इथली बाई तिसऱ्या महिन्यात एकदा दिसते आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते. १४०/९० होतं तेव्हा ती कुठल्या फडात असेल, कोण सांगणार?

त्या पोरीला नांदेडला धाडलं. पुढची तांड्यावरची होती, चौथा महिना, बीपी ठीक. कोयत्यावर कधी निघणार ते विचारून सिस्टरनी मुकादमाचा नंबर तिच्या कार्डावर लिहून घेतला.