ठिणगी पडली, तरी फ्यूज शाबूत कसा?

हॉटेलच्या स्वयंपाकघरातला तेलकट धूर गाळणाऱ्या ‘ईएसपी’तून (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) फट्‌फट्‌ आवाज येऊ लागला की मालक आधी फ्यूज बघतो. तो शाबूत दिसला, म्हणजे काळजीचं कारण नाही, असा अनेकांचा समज असतो. हिशेब करून पाहा. आउटपुट 12,000 व्होल्ट आणि 5 मिलिअँपिअर धरलं, तर 60 वॅट. 230 व्होल्टच्या बाजूला जेमतेम पाव अँपिअर. आत कितीही ठिणग्या उडोत, 2 अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

खरी राखण पॉवर सप्लायच्या आतच असते. आर्क होताच व्होल्टेज कोसळतं. सर्किट ते ओळखून आउटपुट बंद करतं, क्षणभर थांबतं आणि हळूहळू पुन्हा चढवतं. पुन्हा पुन्हा तेच झालं, तर लाल दिवा लावून कायमचं थांबतं. तरीही व्होल्टेज वाढवणाऱ्या साखळीतले कपॅसिटर आर्कमध्ये एका दमात रिकामे होतात आणि त्या झटक्याने डायोड जातात. म्हणून आउटपुटला मोठा रेझिस्टर असतो. तो जळाला की तार टाकून ‘डायरेक्ट’ करणारे महाभाग आहेतच. पुढच्या आर्कला त्यांचा सप्लाय गेलाच म्हणून समजा.

ठिणग्या उडतात म्हणून सप्लायच बदलणं हाही फुकटचा खर्च. बहुतेकदा दोष सेलमध्ये, म्हणजे आतल्या पत्र्यांच्या संचात असतो: धुऊन ओलाच बसवलेला, पत्रा वाकलेला किंवा इन्सुलेटरवर तेलाचा थर. कोरडी हवा दर मिलिमीटरला साधारण 3,000 व्होल्ट सोसते. 6,000 व्होल्टचा फरक असलेल्या दोन पत्र्यांत अंतर 2 मिलिमीटरवर आलं की संपलं. इन्सुलेटरवर काळी रेघ उमटली असेल, तर पुसत बसू नका, तो बदला.

एकही ठिणगी नको, हा आग्रह मात्र सगळीकडे लागू नाही. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांतल्या ईएसपीत कंट्रोलर मुद्दाम ठिणगीच्या काठावर व्होल्टेज ठेवतो, कारण राख तिथेच जास्त पकडली जाते. ठिणगी पडली की थायरिस्टर पुढच्या अर्ध्या सायकलला, म्हणजे 10 मिलिसेकंदांत, प्रवाह रोखू शकतो. स्वयंपाकघरात तेल पेट घेऊ शकतं, तिथे ही चैन नाही.

स्विच बंद केला म्हणजे हात घालायला मोकळे, असंही समजू नका. पत्र्यांवर चार्ज उरतो. आधी अर्थ केलेल्या दांडीने तो उतरवा, मगच सेल बाहेर काढा.