परसातील पुदिना कुंडीत लावावा

माजलगाव तालुक्यात सिंदफणेच्या खोऱ्यातील जमीन बहुतांशी काळी व ओल धरून ठेवणारी आहे. अशा जमिनीत पुदिना लावला असता तो नेमल्या जागी राहत नाही. त्याचे धुमारे जमिनीलगत आडवे पसरतात आणि पेऱ्यापेऱ्याशी मुळे धरून नवे कोंब काढतात. त्यामुळे शेजारच्या वाफ्यातील मेथी व कोथिंबीर दबून जाते. खुरप्याने धुमारे तोडल्यास उपद्रव उलट वाढतो. कारण मातीत राहिलेल्या तुकड्यांपासून पुन्हा रोपे तयार होतात. यास्तव पुदिना प्रथमपासूनच कुंडीत लावणे श्रेयस्कर होय.

कुंडी व माती : पुदिन्याची मुळे उथळ असल्याने सुमारे ३० सें. मी. रुंद व २० ते २५ सें. मी. खोल कुंडी पुरेशी होते. तोंड फुटलेला माठ किंवा तेलाचा रिकामा डबाही चालतो. मात्र बुडास भोके पाडून त्यांवर खापऱ्या ठेवाव्यात. नुसती काळी माती पाण्याने चिकट होते व वाळल्यावर भेगाळते. म्हणून दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. कुंडी दगडावर किंवा फरशीवर ठेवावी. अन्यथा धुमारे भोकांतून जमिनीत उतरतात.

लागवड व निगा : दोन-तीन पेरे असलेले धुमाऱ्याचे तुकडे ४ ते ५ सें. मी. खोल आडवे लावावेत. उन्हाळ्यात कुंडी शेवग्याच्या विरळ सावलीत हलवावी. पाण्याच्या टंचाईत भाजी व तांदूळ धुतलेले पाणीही उपयोगी पडते. साबणाचे पाणी घालू नये. काठाबाहेर लोंबणाऱ्या फांद्या वेळीच छाटाव्यात, कारण मातीस टेकताच त्या मुळे धरतात.

कापणी : सुमारे दोन महिन्यांनी, बुडखा ४ ते ५ सें. मी. राखून कापणी करावी. पानांच्या खालच्या बाजूस तांबेऱ्याचे तपकिरी फोड दिसल्यास रोगट फांद्या कापून जाळाव्यात.

वर्षातून एकदा कुंडी रिकामी करून निवडक धुमारे नव्या मातीत लावावेत. उरलेली मुळे बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. दगडावर उन्हात पूर्ण वाळवूनच त्यांची विल्हेवाट लावावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट परसबाग करणाऱ्या भगिनींस प्रत्यक्ष करून दाखवावी. कारण एका वर्षाचा निष्काळजीपणा पुढील अनेक वर्षांच्या खुरपणीस कारण होतो.