लालबाग : एक बाग, अनेक माळी

किल्ले आणि राजवाडे कोणी बांधले हे शाळेतील मुलेही सांगतात. बागा कोणी लावल्या हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः बाग राखणे हे किल्ला बांधण्याहून चिकाटीचे काम आहे. एक-दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की तिचे रान होते. या दृष्टीने बंगळूरच्या लालबागेची हकीकत उद्बोधक आहे. शिवाय तिचा एक धागा आपल्या बडोद्याशी जुळलेला आहे.

या बागेचा आरंभ हैदरअलीने १७६० साली केला. शिरे येथील मोगली धाटणीच्या बागेचा नमुना त्याच्यापुढे होता. प्रारंभी जागा सुमारे ४० एकर होती. तिगळ समाजाच्या माळ्यांनी ती कसली. पुढे टिपू सुलतानाने दूरदेशींची रोपे आणि बिया मागवून ती समृद्ध केली. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडले. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने ही बाग पाहिली. चौकोनी वाफे, त्यांमधून वाटा, वाटांच्या कडेला सरूची झाडे. एका वाफ्यात केवळ गुलाब, तर दुसऱ्यात केवळ डाळिंबे, अशी तिची रचना त्याने नोंदविली आहे.

राज्य गेले, पण बाग राहिली. १८५६ साली तिला सरकारी वनस्पती-उद्यानाचे स्वरूप आले. १८७४ पासून जॉन कॅमेरून हे अधीक्षक होते. प्रसिद्ध काचगृहाची पायाभरणी १८८९ साली त्यांच्याच काळात झाली. परंतु त्यांचे खरे काम स्वयंपाकघरात पोहोचले. त्यांनी रुजविलेल्या चौ-चौ या फळभाजीला कन्नडमध्ये ‘सीमे बदनेकायी’, म्हणजे परदेशी वांगे, म्हणतात. आज ती तिकडच्या घरोघरी शिजते.

कॅमेरून यांच्यानंतर १९०८ मध्ये आले गुस्टाव्ह क्रुम्बिगेल. जन्माने जर्मन, लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले हे गृहस्थ १८९३ साली हिंदुस्थानात आले ते बडोदे संस्थानच्या चाकरीत. सयाजीराव महाराजांच्या पदरी उद्यानाचे काम केल्यावर म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना नेले. बंगळूरच्या रस्त्यांवर एका जातीची झाडे फुलून गेली की दुसऱ्या जातीची फुलावीत, असा क्रम त्यांनी योजिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली; तरी त्यांनी हा देश सोडला नाही. १९५६ मध्ये बंगळूर येथेच त्यांचा देह विसावला.

त्यांच्यामागून एच. सी. जवरय्या हे या जागेवरील पहिले भारतीय अधिकारी झाले, आणि नंतर डॉ. एम. एच. मरीगौडा यांनी बागेतील विद्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेली. आज लालबाग सुमारे २४० एकरांवर पसरली आहे.

हैदर मुसलमान, तिगळ माळी हिंदू, कॅमेरून व क्रुम्बिगेल ख्रिस्ती. प्रत्येकाने आपल्या आधीच्याची झाडे उपटून टाकली नाहीत. त्यांत स्वतःची भर घातली. बाग टिकण्याचे मर्म एवढेच आहे.

आमच्या धर्मात झाड लावणे ही ‘सदका-ए-जारिया’ मानली आहे. लावणारा निघून गेला तरी फळ आणि सावली जोवर कोणाच्या उपयोगी पडते तोवर त्याचे पुण्य चालू राहते, असा त्याचा अर्थ. हिंदू बांधवही वृक्षारोपण आणि विहीर बांधणे यांना पूर्तधर्म म्हणतात. पण पाणी घालणारा पुढचा हात नसेल तर हे पुण्य तेथेच आटते.

धर्मादाय न्यासाचेही असेच आहे. संस्थापकांची नावे शिलालेखावर राहतात, आणि ती राहावीत. परंतु शिष्यवृत्ती वेळेवर पोहोचते ती आजच्या कार्यकर्त्याच्या हातून. महोत्सवाचे तोरण उतरल्यावर तरुणांपैकी दहा-पाच जणांनी जरी ही झारी हाती घेतली, तरी या उत्सवाचे सार्थक झाले असे मी समजेन.