काचेतल्या पेशी : डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन



सीताफळ आपल्या मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? माळावर, दगडधोंड्यांत, कुणी पाणी घालो न घालो, ते येतेच. या सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कमल रणदिवे यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम. एस्सी. केली. त्यांचा जन्म पुण्याचा, १९१७ चा. माहेरचे नाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे असे त्यांना वाटे. मुलगी गेली झाडांच्या वाटेने. पण पेशी झाडाची काय अन् माणसाची काय, ती वाढते कशी, दुभंगते कशी, हा प्रश्न एकच. लग्नानंतर मुंबईस आल्यावर टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी तो कर्करोगाच्या संदर्भात हाती घेतला व १९४९ साली डॉक्टरेट मिळविली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर पेशी जगविण्याची विद्या तिथे शिकायची होती. ही विद्या म्हणजे एक प्रकारची शेतीच म्हणा ना! काचेच्या भांड्यात पोषक रस, अंगाइतकी ऊब, आणि सोवळे असे कडक की एक जंतू शिरला तरी सारे पीक नासले. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी अशी प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातली ही पहिली.

तिथे त्यांनी उंदरांवर पुष्कळ काम केले. उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. त्यात आनुवंशिकता किती, शरीरातील संप्रेरके किती आणि आईच्या दुधातून पिलांत जाणारा विषाणू किती, याचा उलगडा त्यांना करायचा होता. (हे उंदरांचे झाले. आयाबहिणींनी भलता अर्थ घेऊ नये. अंगावर पाजल्याने आईचा या रोगाचा धोका उलट कमी होतो.)

मला त्यांच्या कामातला महारोगाचा भाग विशेष वाटतो. महारोगाचा जंतू काचेत वाढत नाही, आजही नाही. १९५८ साली डॉ. बापट, डॉ. रणदिवे व डॉ. खानोलकर यांनी रुग्णांच्या गाठींतून काढलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. पुढील तपासांत तो महारोगाचा खरा जंतू नव्हे, त्याच्या भावकीतला निघाला. मग श्रम वाया गेले का?

पूर्वी गावात जागल्या असे. चोर ओळखला तर तो हाकाटी करून गाव गोळा करी. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी असेच काम करतात. बहुतेकांच्या पेशी महारोगाच्या जंतूला वेळीच ओळखतात, म्हणून त्यांना रोग होतच नाही. काहींच्या पेशींना मात्र तो दिसूनही कळत नाही; अशांच्या अंगात जंतू माजतो. आता जागल्याला चोराच्या चुलतभावाचा चेहरा आधीच दाखवून ठेवला तर? याच विचाराने पुढे त्याच संस्थेत डॉ. माधव देव यांनी त्या भावकीतल्या जंतूला किरणांनी मारून लस तयार केली. तमिळनाडूत १९९० नंतर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसांवर चार लसींची तुलना झाली. १९९८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा या लसीचे संरक्षण सुमारे ६५ टक्के भरले, नुसत्या बी. सी. जी.चे ३४. तोवर अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार आला होता, आणि ही लस काही सरसकट टोचली गेली नाही. तो उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. गुरुजींनी मुलांच्या अंगावरील फिकट, बधिर चट्टा पाहिला तर लपवू न देता दवाखान्याची वाट दाखवावी. औषध सुरू झाले की लवकरच त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही, मग त्याला वेशीबाहेर काढण्याचे कारण काय?

बाई १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या संचालक होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या वारल्या. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली.